देवाला दिलेलं बी

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला की आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होतो. ज्याच्या रानात जे पिकलं असेल त्यातलं पहिलं आणि चांगलं तो वेदीपुढे आणून ठेवतो. कुणी हरभऱ्याचे डहाळे आणतो, कुणी ओल्या हळदीचे गड्डे, कुणी मुळासकट उपटलेला ऊस. ज्यांना रान नाही ते नारळ, अंडी, घरचं लोणचं आणतात. पाळक साहेब त्यावर प्रार्थना करतात आणि उपासना सुटली की अंगणात सगळ्याचा लिलाव होतो. पैसा चर्चला जातो.

या सणात माझी पाटी कायम वेदीच्या मधोमध असायची. हे मी अभिमानानं सांगतो, कारण तेव्हा मला त्याचा अभिमान होता आणि तो एकदम टाकून देता येत नाही. कुंडलच्या अलीकडे माझा काळ्या रानाचा तुकडा आहे. चहूबाजूंनी लोकांनी ऊस आणि द्राक्षं केली, मी शाळू सोडला नाही. बापाचा वाण, बापाचं रान. काढणीच्या आधी मी पाटी घेऊन एकटा रानात शिरायचो आणि सरी सरी फिरून भरगच्च, टपोऱ्या दाण्याचं कणीस दिसलं की खुडायचो. बाकीचे शेतकरी अशी निवडक कणसं बियाला धरतात, चुलीवरच्या वाशाला टांगतात, म्हणजे धुरानं कीड लागत नाही. आमच्या घरात ती देवाला जायची. बाप सांगून गेला होता, देवाला द्यायचं तर निवडून द्यायचं. मी बापापेक्षा चार पावलं पुढे गेलो. एकही चांगलं कणीस रानात मागं राहिलं तर चोरी केल्यासारखं वाटायचं मला. पुढच्या सालाचं बी मी मळणीच्या राशीतनं घ्यायचो, हाताला येईल ते.

लिलावाला गावातलं कुणीही यायचं, नुसते ख्रिस्ती नव्हे. माझ्या पाटीचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. माझ्या बांधाला बांध लागून ज्याचं रान होतं तो जैन शेतकरी. माझ्याच वयाचा. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात बसलो. मग तो पुढं शिकला, मी गुरांमागं गेलो. सणाच्या दिवशी तो दुपारीच अंगणातल्या कडुलिंबाखाली येऊन बसायचा. त्याला दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, हे सगळ्यांना माहीत. म्हणून आमची तरणी पोरं मुद्दाम बोली लांबवायची.

"वाढवा की बापू अजून. ऊन उतराया लागलं बघा!"

"वाढवतो की रं. पर उपाशी मेलो तर पाप तुमच्या देवाच्या डोक्यावर."

सगळं अंगण हसायचं. शेवटी पाटी त्यालाच मिळायची. मग आम्ही दोघं बांधाबांधानं घरी निघायचो, पाटी त्याच्या डोक्यावर आणि तोंड दोघांचं चालू.

"तुमच्या देवानं सहा दिसांत जग केलं म्हनतोस," तो म्हणायचा. "आमच्यात कुणी केलंच न्हाई. हाय ते हायच. आधी बी हुतं, मागनं बी ऱ्हाणार."

"मग पाऊस कुणाकडं मागता रं तुमी?"

"मागत न्हाई. आला की पेरतो."

अशा माणसाशी काय वाद घालणार? मी त्याच्यासाठी मनात प्रार्थना करायचो, त्याच्या तोंडावर त्याची थट्टा करायचो.

तो ती कणसं बियाला वापरायचा. मलाही ते माहीत होतं. त्याचा शाळू सालोसाल माझ्यापेक्षा चढत गेला. बांधावर उभं राहिलं की इकडचा आणि तिकडचा शाळू एका देठाचा आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. मला त्याचा हेवा वाटला नाही, उलट मी आल्यागेल्याला दाखवायचो. बघा, माझ्या अर्पणाला देवानं कसा आशीर्वाद दिला, परक्याच्या रानात सुद्धा. माझ्या स्वतःच्या रानात तो आशीर्वाद का दिसत नाही, असं कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एकदा पेरणीच्या तोंडावर तोच म्हणाला, "गड्या, तुझा शाळू लय बारीक पडाया लागलाय. माझ्याकडचं पायलीभर बी घेऊन जा. तुझंच हाय ते."

"देवाला दिलेलं माघारी घेत न्हाईत."

"मी काय देव हाय का रं?"

"वेदीवरनं गेलं की ते देवाचंच. तुझ्या रानात असू दे न्हाईतर आणि कुणाच्या."

 "लय ताठ हाईस बाबा," एवढंच तो म्हणाला. पुढंही दोन-तीनदा त्यानं विचारलं. मग सोडून दिलं.

आता माझ्या मुलीचं सांगतो.

मला एकच मुलगी. आमच्या घरात पहिली शिकलेली ती. आधी मेढ्याला शाळेत शिकवत होती, मग सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात लागली, जीवशास्त्र शिकवायला. तिचं घरही तिकडंच झालं. पण शनिवारी संध्याकाळी ती गावी यायची, रविवारी चर्चमध्ये शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन करायची आणि जेवून परत जायची. तिचा आवाज चांगला. ती वाचायला उभी राहिली की मी मान ताठ करून बसायचो.

कॉलेजात लागली त्याच वर्षीची गोष्ट. शनिवारी जेवायला बसलो होतो. ती नव्या नोकरीच्या भरात होती, घास हातात तसाच आणि बोलणं चालू. हाडांचं काहीतरी शिकवलं होतं तिनं त्या आठवड्यात. वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात आतनं कसा सारखा असतो, हाडाला हाड कसं जुळतं, ते स्वतःचा पंजा पसरून दाखवत होती. मग हसत म्हणाली, "आप्पा, तुमच्या माकडहाडाला उगं माकडहाड म्हणत न्हाईत. तिथं कधीकाळी शेपूट हुतं."

माझा हात ताटातच थांबला. मी चर्चचा पंच होतो.

"बापाला माकडाची औलाद म्हणतीस?"

"तसं न्हवं आप्पा. देवानं केलं न्हाई असं कुठं म्हणती मी? कसं केलं असंल तेवढंच सांगती. शास्त्राचं पहिलं पान कुणी केलं ते सांगतंय. किती दिस लागलं ते मोजायला ते पान लिवलेलंच न्हाई."

तिच्या आईनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आवं, ती काय म्हणती ते ऐकून तरी घ्या पुरतं."

मी ऐकलं नाही. "हे सगळं त्या कॉलेजात ठेव," मी म्हणालो. "या घरात आणायचं न्हाई."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. माझी मुलगी माझ्यासारखीच हट्टी आहे, फक्त तिचा हट्ट आवाज करत नाही. "बरं," म्हणाली आणि जेवू लागली. आणि खरंच त्या दिवसापासून तिनं ते घरात आणलं नाही. शनिवार चुकवला नाही, वाचन चुकवलं नाही, आईच्या आजारपणात उशाशी बसली, आई गेल्यावर माझ्या भाकरीचं बघितलं. पण मी कधी विचारलं, "काय शिकवलंस या आठवड्यात?" तर उत्तर एकच. "नेहमीचंच, आप्पा."

नेहमीचं म्हणजे काय, ते मला कळलंच नाही. माझी मुलगी दिवसभर काय करते, काय बघून तिला आनंद होतो, पोरांपुढं उभी राहून ती काय बोलते, हे विश्रामबागेतल्या कितीतरी पोरांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मला वाटायचं ती आतनं देवापासून लांब गेली आहे आणि फक्त माझ्या शब्दाखातर वाचायला उभी राहते. तिच्यासाठीही मी प्रार्थना करायचो, त्या जैन माणसासाठी करायचो तशीच.

दोन सालांमागच्या पावसाळ्यात तो शेजारी वारला. ताप आला, चार दिवस अंथरुणावर होता, आणि गेला. बांधावर बोलायला कुणी उरलं नाही.

त्यानंतरच्या काढणीला मी पाटी घेऊन रानात शिरलो. मुलगी सोबत होती, आता गुडघ्यामुळे मला सगळं रान एकट्यानं फिरवत नाही. सरीमागून सरी गेली. कणसं सगळी आखूड, दाणा बारका, मध्ये मध्ये रिकामी. निम्मं रान संपलं तरी पाटीचा तळ झाकला नव्हता. मी उभा राहिलो आणि मला भान राहिलं नाही, मी वर तोंड करून मोठ्यानं बोललो. "जलमभर सगळं चांगलं तुला दिलं. एक कणीस मागं ठेवलं न्हाई. आणि तू मला हे देतोस व्हय?"

असं मी देवाला कधी बोललो नव्हतो. बायको गेली तेव्हाही नाही. बोलून झालं तसं मनात आलं, हे सगळं फुकट गेलं असेल तर? ऐकायला वर कुणी नसेलच तर?

मागनं मुलगी आली. "आप्पा, देवाला बोल लावू नका. ह्यात त्याचा काय दोष न्हाई."

"मग कुणाचा? मातीचा? शेजारी हीच माती हुती. तिथं कणीस मनगटाएवढं पडत हुतं."

"तिथलं बी कुठलं हुतं?"

"माझंच की."

"तुमचं कुठलं? निवडलेलं का उरलेलं?"

मी पाटीतली कणसं चाळवली.

"तुमी दरसाल चांगलं तेवढं खुडून रानाबाहेर काढलंत," ती म्हणाली. "मागं राहिलं त्याचीच लेकरं पुढच्या साली उगवली. त्यातनं परत चांगलं तेवढं काढलंत. शेळीला बोकड कसा बघता तुमी? मरतुकडा बघता का?"

"शेळीचं येगळं."

"येगळं कसं? इथं निवडणारा हात तुमचा. डोंगरात, जंगलात हीच निवड थंडी करती, दुष्काळ करतो. हात न्हाई, डोळं न्हाईत, तरी निवड हुती. थोडं थोडं, लय लय काळ. त्यालाच तर मी तिकडं वर्गात…" आणि ती थांबली. बोलता बोलता उंबऱ्याच्या आत पाय पडला की माणूस जसा मागं घेतो, तशी थांबली.

"हे तुला कवापास्नं ठाऊक हाय?"

ती पदरावरची कूस झटकत होती. शाळूची कूस अंगाला लागली की खाजवते. "लय वर्षं झाली."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच म्हणाला हुता की. ते कॉलेजात ठेव."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला उलट बोलता आलं असतं. ते तिनं, पाणी कुठं ठेवलंय असं सांगावं तसं सांगितलं.

माझ्यासारख्या माणसाला खरं कळलं म्हणून तो लगेच सुधारतो असं कुणी समजू नये. त्या रविवारी मी पाटीत होती नव्हती ती सगळी चांगली कणसं वेदीवर नेऊन ठेवली. मुलगी म्हणाली होती, "निम्मी तरी बियाला ठेवा आप्पा." मी म्हणालो, "देवाला दुय्यम देऊ? शास्त्रात थोरल्या भावानं तेच केलं, देवानं त्याचं अर्पण घेतलं न्हाई, ठाऊक हाय न्हवं?"  लिलावात कडुलिंबाखालची जागा मोकळी होती. सांगलीहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी माझी पाटी घेतली. मी विचारलं, कुठं पेरणार? बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही हो काका, हॉलमध्ये मोठ्या फुलदाणीत ठेवणार. किती छान दिसतात."

बापाच्या वाणातलं उरलंसुरलं चांगलं असं फुलदाणीत गेलं. बाईंनी ते गाडीच्या डिकीत ठेवलेलं मी बघितलं.

पेरणी जवळ आली तशी मी मान खाली घालून शेजाऱ्याच्या घरी गेलो. तो जिवंत असताना जे घेतलं नाही ते त्याच्या मुलाकडं मागायला. मुलगा भला आहे, खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्या रानात लोखंडी अँगल उभे राहिले होते, तारा ओढणं चाललं होतं. द्राक्षं करायची होती.

"काका, बापूंचा शाळू कणगीत हुता थोडा. उन्हाळ्यात दळून संपवला की. कीड लागाया लागली हुती." आणि माझं तोंड बघून म्हणाला, "बी कोण ठेवतंय आता? पाकिटात मिळतंय पाहिजे तेवढं."

मी चहा संपवला. त्याच्या भाकरीत गेलं ते माझ्या बापाचं बी होतं, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

मग माझ्याच राशीतलं बारकं बी पेरलं. आणि यंदा काढणीला, देवाशपथ सांगतो, मी पहिल्यांदा दोन पाट्या घेऊन रानात शिरलो. मुलगी पुढं, मी मागं. ती एकेक धाट हातात घेऊन बघायची, धाट किती जाड, कणीस किती भरलं, शेंडा रिकामा आहे का, आणि मला दाखवायची. चांगली निघाली ती मूठभरच. ती घरी आणून चुलीवरच्या वाशाला सुतळीनं बांधली. मुलीच्या आईनं तिच्या वेळी जिथं लसूण टांगला होता तिथंच. दुसऱ्या पाटीतली साधी कणसं वेदीवर गेली.

पंचांपैकी एकानं पाटी उचलून बघितली. "काय हो, यंदा देवाला उरलंसुरलं?"

माझे कान तापले.  म्हणालो, "बाकीचं बी त्याच्याच रानात जाणार हाय," आणि जाऊन बाकावर बसलो.

त्या दिवशी वाचनाला पहिलंच पान होतं. मुलगी वाचत होती. ते पान मला तोंडपाठ आहे, मी त्याच्या जोरावर आयुष्यभर लोकांशी भांडलो. आणि तिसऱ्या दिवसाशी आल्यावर मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. तिथं देव एकेक झाड हातानं लावत बसत नाही. तो जमिनीला सांगतो, तू उपजव. आणि जमीन उपजवते. एवढ्या वर्षांत हे शब्द माझ्या कानावरनं असेच गेले होते. मुलीनं ते मुद्दाम जोरात वाचले नाहीत, माझ्याकडं बघितलंही नाही. पण मला कळलं की ती हे दरवेळी असंच वाचत आली असणार, आणि त्यात विश्वास ठेवण्यासारखं तिला माझ्यापेक्षा जास्त सापडलं असणार. माझ्या प्रार्थनेची तिला गरज नव्हती. मी ज्याला लांब जाणं समजलो ते लांब जाणं नव्हतंच.

हे मी तिला सांगितलं नाही. इतकं सरळ बोलणं मला जमत नाही.

संध्याकाळी ती निघायची तयारी करत होती. मी ओसरीवर बसलो होतो. म्हणालो, "पोरी, काय शिकवलंस या आठवड्यात?"

ती पिशवी बांधता बांधता थांबली. "आप्पा, मी मागच्याच वर्षी रिटायर झाली. तुमी पेढं खाल्लं की."

खाल्ले होते. विसरलो होतो. मी ज्या वर्गाबद्दल विचारत होतो तो आता दुसऱ्या कुणाचा होता.

ती पिशवी खाली ठेवून माझ्याजवळ पायरीवर बसली. "पर शिकवत हुती ते सांगू का?"

"सांग."

"कुठनं सुरू करू?"

"वटवाघळापास्नं," मी म्हणालो. "त्या दिशी तिथंच थांबलं हुतं."

तिनं पंजा पसरला. बोटाचं एकेक पेर धरून ती सांगू लागली. तिचे हात आता तिच्या आईच्या हातांसारखे दिसतात. तेव्हा जेवताना दाखवले होते ते तरण्या पोरीचे होते. निम्मं मला समजलं, निम्मं नाही. शेपटीचं आलं तेव्हा मी म्हणालो, "शाळूचं पटलं. माकडाचं अजून पटल्यालं न्हाई." ती हसली. "नसू दे," म्हणाली. तिची गाडी चुकली, दुसरी लागायला वेळ होता.

जाताना मी वाशाला टांगलेली मूठभर कणसं दाखवून विचारलं, "ह्याचा पहिल्यासारखा शाळू व्हायला किती सालं लागतील?"

शिकलेली माणसं अशा वेळी धीर द्यायला काहीतरी बोलतात. तिनं माझ्याशी खोटं बोलायचं टाळलं. "लय लागतील आप्पा. आणि गेलं त्यातलं काही परत येणार बी न्हाई. बापूंच्या रानात हुतं ते तिथंच संपलं."

आता ते बी पेरलंय. गुडघ्याएवढं आलंय. मी रोज बांधावर जातो. पलीकडं द्राक्षाच्या तारा आहेत, अलीकडं शाळू अजून बारीकच आहे. हे देवाचं काम आहे यात मला आधीही शंका नव्हती, आताही नाही. ते इतकं सावकाश चालतं हे मात्र मला माहीत नव्हतं. त्याला घाई नाही. मी मात्र म्हातारा झालो, आणि शनिवारी मुलगी आली की आम्ही दोघं रानात जातो, चांगलं धाट दिसलं की त्याला बियाची खूण म्हणून सुतळी बांधतो आणि तसंच उभं ठेवतो.